कोळशाची मोटार आणि कासमचाचांचा आवाज

निघालो तेव्हा राजापूरचा अख्खा बाजार आम्हाला बघायला उभा होता. ओणीच्या चढाला पोचलो तेव्हा बघायला कुणी नव्हतं, हे बरं झालं, कारण आम्ही मोटारीत बसलेलो नव्हतो. मागून ढकलत होतो.

मोटार माझ्या आबामामाची, राजापूर-लांजा सर्व्हिसची. पेट्रोल परवडेना म्हणून मामाने तिच्या पाठीवर कोळशाची भट्टी चढवली आहे. ज्यांनी ती जवळून बघितली नसेल त्यांना सांगतो. एक उभं लोखंडी पिंप, त्यात लाकडी कोळसा, खाली विस्तव. हातपंखा फिरवून विस्तव फुलवला की कोळशातून गॅस सुटतो. तो नळ्यांतून थंड होत, काथ्या भरलेल्या गाळणीतून साफ होत इंजिनात जातो आणि पेट्रोलचं काम करतो. म्हणजे सपाटीला करतो. चढाला तो आमच्याकडून करून घेतो.

अशा मोटारींची हौस असलेल्या लोकांचा मेळावा रत्नागिरीला भरणार होता. मामाला आमंत्रण होतं. मला नव्हतं. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या भाच्याला कोण बोलावतो? पण मला कुणाचेही आवाज काढता येतात, हे तुम्हाला माहीत आहेच. आदल्या दिवशी मामा ओटीवर पान लावत बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहून मामीच्या आवाजात म्हटलं, "घेऊन जा हो सदूला. तेवढाच घरातला धुडगूस कमी." मामा म्हणाला, "बरं." झालं, गेलो.

मोटारीत चौघे होतो. मामा, मी, रघू डायवर आणि नाटे गावचे कासमचाचा. भट्टी चाचांनीच बनवलेली. उभं आयुष्य आगबोटीवर आगवाला (बॉयलरमध्ये कोळसा घालणारा खलाशी) म्हणून गेलं त्यांचं. तेलाचं रिकामं पिंप, आतून माती लिंपलेली, वर झाकण, एवढ्यावर त्यांनी मामाची मोटार चालती केली. कोळशाने त्यांची छाती मात्र धरली होती. दोन वाक्यं बोलले की खोकायचे, आणि खोकला आटोपला की हसायचे, जणू खोकल्यानेच काही गंमत सांगितली.

लांज्याला चहाला थांबलो. भट्टीचा धूर बघून एक म्हातारी पाटी डोक्यावर घेऊनच जवळ आली.

"गाडीत चूल मांडलीव काय रे?"

"होय गो आजी," चाचा म्हणाले.

"मग वर पेज तरी ठेवा. फुकट कशाला जाळताव?"

चाचा मनापासून हसले. "पेज न्हाय, पण बोंबील भाजतो मी." आणि खरंच त्यांनी डब्यातून सुके बोंबील काढून पिंपाच्या झाकणावर टाकले. मामा नाकाला उपरणं लावून लांब जाऊन उभा राहिला. मी म्हातारीच्या आवाजात "फुकट कशाला जाळताव" म्हणून दाखवलं, तर तीच तोंडाला पदर लावून हसायला लागली.

गार झालेली मोटार पुन्हा सुरू करणं हा एक सोहळाच असतो. मी पंखा फिरवायचा. चाचा भट्टीच्या नळीशी पेटता काकडा धरून उभे. आधी नुसता पांढरा धूर येतो. मग पिवळा जाळ धरतो आणि विझतो. तेव्हा घाई करायची नाही, नाहीतर बार होतो. शेवटी निळसर ज्योत एका जागी स्थिर उभी राहते, ती बघून चाचा एकदा खोकणार आणि ओरडणार, "बाय आली! दार उघड!"

बाय म्हणजे गॅस. दार म्हणजे इंजिनाची झडप. रघू पुढे हँडलशी वाकलेला असतो. त्याला मागचं काही दिसत नाही. चाचांचा आवाज आला की तो झडप उघडणार आणि हँडल मारणार. त्या आवाजाशिवाय रघूचा हात हलत नाही, खुद्द मामाने सांगितलं तरी.

अंजणारीचा उतार, पाली, हातखंबा करत दिवस कलता कलता आम्ही रत्नागिरीच्या वरच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर) आलो. तिथून पहिल्यांदा समुद्र दिसला. मी मामाला म्हटलं, "बघ, केवढा!" चाचांनी तिकडे एकदा बघितलं आणि पाठ करून बसले. "माझा बघून झालाय," म्हणाले.

मेळाव्याची जागा तो सडाच होता. यजमान भाऊराव. रत्नागिरीचे मोठे गृहस्थ, पांढराशुभ्र कोट, बोलणं सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "काय?" त्यांच्या स्वतःच्या चार मोटारी सर्व्हिसवर होत्या आणि चारींना भट्ट्या बसवायचा त्यांचा विचार होता. सहा मोटारी यायच्या होत्या. आम्ही दोन दिवस आधी पोचलो, आणि कोल्हापूरचे एक शिदूअण्णा त्यांची मोटार घेऊन आमच्याही आधी येऊन बसले होते.

तयारी म्हणजे काय असते हे मला तिथे कळलं. कोळसा कातळावर पसरून उन्हात वाळवायचा, कारण ओल्या कोळशाने डांबरासारखा चीक सुटतो आणि इंजिन तुंबतं. मग सुपारीएवढे तुकडे करायचे. मोठे झाले तर गॅस येत नाही, भुगा झाला तर हवा जात नाही. गाळणीतला काथ्या काढून धुवायचा, पिंजायचा, परत भरायचा. संध्याकाळी मी आरशात बघितलं तर डोळे आणि दात तेवढे माझे होते.

जेवण भाऊरावांच्या पडवीत. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, वर सोलकढी. शिदूअण्णांनी पिठीत बोट घालून चाखलं.

"ह्यात तिखट घालायचं ऱ्हायलं काय?"

"अण्णा, आमच्याकडे तिखट बोलण्यात घालतात," मी म्हटलं.

"आरं तिच्या! बेणं हाय की हे!" अण्णांनी माझ्या पाठीत थाप मारली. त्या थापेपासून आमचं जमलं. मी त्यांना मामा करून दाखवला, भाऊराव करून दाखवले, "काय?" सकट. अण्णा हसून हसून लोळायचे. हसणारा माणूस समोर असला की मला भान राहत नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही, माझं तसं आहे म्हणून सांगतो.

चाचा पडवीत जेवायला यायचे नाहीत, म्हणजे त्यांना तिथे पान मांडलेलं नसायचं. ते मोटारीपाशीच बसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना भाकरी नेऊन दिली तेव्हा ते खूश दिसले.

"सदू, भाऊराव आज दुपारी इंजिनेर घेऊन येणार हायत. चालू करून दाखव म्हणाले. जमलं तर त्यांच्या चारी गाड्यांच्या भट्ट्या माझ्याकडे. कायमचं काम."

"मग नाटं सोडणार?"

"नाटं हयसून जवळ हाय. जहाज लांब." ते खोकले. "मुंबईहून सारंगाचा, आमच्या खलाशांच्या मुकादमाचा, निरोप आलाय. परवा कंपनीच्या बोटीवर हजर व्हायचं, नायतर माझी जागा दुसऱ्याला. परत त्या तळघरात कोळसा ओढायचा. ह्या छातीने." मग हसले. "पण आज चालली गाडी, की सारंगाला माझा सलाम. उद्याच्या बोटीनं मी जात न्हाय."

एवढं सगळं मला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

दुपारी भाऊराव आले, बरोबर पुण्याचे इंजिनियरसाहेब. इतर मोटारींचे लोकही कामं टाकून भोवती जमले. रघू पुढे हँडलशी. चाचा नळीशी काकडा धरून. मामा भाऊरावांच्या बाजूला मान ताठ करून. माझं पंखा फिरवायचं काम आटोपलं होतं, म्हणून मी आणि शिदूअण्णा पिंपाच्या मागे जांभ्याच्या चिऱ्यांवर बसलो होतो.

त्या दिवशी गॅस लवकर येईना. पांढरा धूर, पिवळा जाळ, विझला. परत पांढरा धूर. चाचा शांत उभे. भाऊरावांनी घड्याळ काढून बघितलं, "जरा वेळ लागतो वाटतं. काय?" लोक कंटाळले. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "तुझ्या चाचाची बाय रुसली जणू. आरं, चाचा काढून दाखव की लेका. तेवढा ऱ्हायलाय तुझा."

आणि मी काढला. आधी खोकला. तोही साधा नाही, आतून खरवडत येणारा, मध्येच अडकणारा. मग तो चढा, फाटका सूर, "बाय आली! दार उघड!"

अण्णांच्या कानात बोलायचं होतं. पण चाचांचा आवाज कानात बोलायचा नव्हेच. तो घुमला.

रघूने झडप उघडली आणि हँडल मारलं.

मोठा बार झाला. गाळणीचं झाकण उडालं, जळता काथ्या आणि काजळी वर गेली आणि सगळी भाऊरावांच्या पांढऱ्या कोटावर उतरली. लोक खदखदून हसले. मी पण हसलो. हे सांगायलाच हवं, मी हसलो. मग पुढून रघूची किंकाळी आली. हँडल उलटं फिरून त्याच्या मनगटावर बसलं होतं.

सगळ्यांत आधी त्याच्याकडे पोचले ते चाचा. स्वतःचं मुंडासं सोडून त्यांनी त्याचा हात बांधला. बांधता बांधता म्हणाले, "अरे, कुणी सांगितलं तुला? जाळ अजून पिवळा होता!"

"तुमीच की, चाचा." रघूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आधी खोकलात, मग बोललात."

"मी बोललो?"

"सगळ्यांनी ऐकलं," मामा तडकला.

चाचांनी भोवती बघितलं. सगळ्यांनी खरंच ऐकलं होतं. भाऊराव रुमालाने कोट झटकत होते. रागावले नाहीत ते. रागावले असते तर बरं. "वय झालं, कासमभाई," म्हणाले. "माणसाच्या तोंडून जातं कधीकधी. काय?" आणि इंजिनियरसाहेबांना घेऊन दुसऱ्या मोटारीकडे गेले.

मी चिऱ्यावरून उठलोच नाही. शिदूअण्णांनी तंबाखू मळायला घेतली, माझ्याकडे न बघता. "तू सांगतोस का मी सांगू?" मी नखाने चिरा खरवडत बसलो. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "मी परवा कोल्हापुरात असणार," म्हणाले. "तुला ह्या लोकांत ऱ्हायाचंय. बघ बाबा तुझं तू." त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. त्यांनीच काढायला सांगितला होता ना.

रघूला हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या पट्ट्यांत हात बांधून आणलं. चाचा मोटारीच्या पायरीवर विझलेला काकडा हातात घेऊन बसले होते. ओठ हलत होते. जवळ गेलो तेव्हा कळलं, ते हळूच म्हणून बघत होते, "बाय आली, बाय आली." मला बघून थांबले.

"सदू, तू मागेच होतास ना पिंपाच्या? ओरडणं मलाही ऐकू आलं. खरं सांग. बोललो मी?"

आता विचार करा. माणूस मला विचारतोय. दुसरं कुणी जवळ नाही. एका शब्दात सगळं फिटलं असतं.

"हो चाचा," मी म्हटलं. "बोललात."

आजवर मी दुसऱ्यांच्या आवाजात पुष्कळ खोटं बोललो. हे मात्र माझ्या आवाजात बोललो.

"मग बोललो असेन," ते म्हणाले. "पन्नास वर्षं आगीसमोर काढली रे. असं कधी झालं न्हवतं."

मेळाव्याच्या दिवशी चाचांनी काकडा माझ्या हातात दिला. "पोराचे डोळे चांगले आहेत, त्याला सांगू दे," असं त्यांनी मामाला सांगितलं आणि स्वतः लांब, लोकांत जाऊन उभे राहिले. झडप उघडायला आणि हँडल मारायला पुढे मामा उभा राहिला. मी नळीशी. पांढरा धूर. पिवळा जाळ. विझला. निळी ज्योत उभी राहिली, हलेना. शेवटी "आली" एवढंच म्हटलं. मामाने हँडल मारलं आणि मोटार एका फटक्यात चालू झाली. आम्ही मांडवीच्या बंदरापर्यंत उतरून, चढ चढून, न ढकलता परत आलो. सहांतल्या दोघांनाच ते जमलं.

भाऊराव दुसरा कोट घालून आले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून मामाला म्हणाले, "आबासाहेब, भाच्याला इथेच ठेवा. म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकलेला दिसतो. माझ्या चार मोटारी ह्याच्या स्वाधीन करतो. काय?"

मामाचा चेहरा असा फुलला की दोनदा मॅट्रिक नापास झालो ते त्याक्षणी माफ झालं. मी लोकांत चाचांना शोधलं. ते नव्हते. रघू म्हणाला, "बोटीला गेले. पेटी उचलून कधीच गेले."

मग मात्र मी बोललो. सगळ्यांच्या देखत. "भाऊराव, काल चाचा बोलले नाहीत. तो आवाज मी काढला होता."

भाऊरावांनी माझी पाठ थोपटली. मग मामाला म्हणाले, "बघा, मन किती मोठं आहे! म्हाताऱ्याची अब्रू राखायला पोरगं स्वतःवर घेतंय."

"मन मोठं नाही हो! मीच काढला!" आणि पटवायला म्हणून मी तिथेच तो खोकला काढला, ते ओरडणं काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी "परत! परत!" म्हणून ओरडलं. मामा म्हणाला, "सोंगं पुरेत, शिंच्या!"

रघू तेवढा हसला नाही. बांधलेला हात छातीशी धरून तो माझ्याकडे बघत होता. "ह्योच," म्हणाला. "कालचा ह्योच."

मी धावत सुटलो. सड्यावरून खाली, पाखाडीने (चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेने) मांडवीला. मुंबईची बोट लांब खोल पाण्यात उभी होती. उतारूंना तिच्यापर्यंत नेणारा पडाव अजून धक्क्याला होता. चाचा धक्क्यावर पेटीवर बसले होते.

धाप टाकत मी सांगितलं सगळं. अण्णांनी चिथावलं ते सोडून सांगितलं, ते सांगायचा हक्क मला नव्हता.

चाचा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "काढ बघू."

"चाचा, नको."

"काढ. मला ऐकू दे."

मी काढला. अगदी हळू. चाचा मान तिरपी करून ऐकत होते, इंजिनाचा ठोका ऐकतात तसे. संपल्यावर समुद्राकडे वळले.

"एवढं खरवडतं माझं?" म्हणाले. "मला न्हवतं ठाव. माणसाला आपला आवाज कुठं ऐकू येतो." मग विचारलं, "आणि मी विचारलं तेव्हा?"

"घाबरलो."

"हां."

"चला वर, चाचा. रघू सांगेल. भाऊरावांना पटेल. काम तुमचं आहे."

त्यांनी मान हलवली. "तो आवाज तुझा, कबूल. पण तो ऐकून एकजण तरी बोलला काय, की कासम असं करायचा न्हाय? आबासाहेब न्हाय, भाऊराव न्हाय. मी स्वतः न्हाय बोललो. आता कुठल्या तोंडानं वर येऊ?" पडाववाल्याने हाक मारली. चाचा उठले, पेटी उचलली. मी हात पुढे केला तर दिली नाही.

"सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले. "काल रात्रीपासून माझे हात लटपटत होते. आगीसमोर हात लटपटला तर माणूस जातो रे. आता न्हाय लटपटायचा." आणि पडावात उतरले. मला वाटलं वळून बघतील. नाही बघितलं.

परत येताना मोटार मामाने चालवली. रघू बाजूला, हात गळ्यात बांधलेला. भाऊरावांचं काम मी घेतलं नाही, म्हणून मामा माझ्याशी बोलत नव्हता, अजूनही बोलत नाही. आता बाजारात तो मेळाव्याची हकिकत रंगवून सांगतो, "गाडीने नाव काढलं, पण कासमचं डोकं आता चालत नाही." ते ऐकल्यावर हे लिहायला घेतलं. वाचनालयाच्या हस्तलिखितात मी नेहमी गमतीजमती देतो, तशीच ही एक समजून वाचायला घेतलीत ना? तर एवढं करा. तुमच्यातलं कुणी नाट्याला जाणार असेल तर चाचांच्या घरी हे वाचून दाखवा. मला जायला हवं, मला माहीत आहे. दोनदा निघून वाटेतूनच परत फिरलो.

परतीच्या त्या दिवशी हातखंबा, पाली आणि लांजा अशी तीन ठिकाणी गाडी गार झाली. तिन्ही वेळा मी काकडा धरला, निळी ज्योत नीट उभी राहू दिली, आणि "आली" म्हणून ओरडलो. तिन्ही वेळा मामाने हँडलला हात घालायच्या आधी रघू गाडीतून उतरला, वळसा घालून मागे आला, माझ्याकडे न बघता ज्योतीकडे बघितलं, आणि मग पुढे जाऊन मामाला म्हणाला, "हां. मारा."